गाण्याच्या दालनातले मडके

मी एक जुने मडके आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा खुशाल. मी पाण्याचे नाही, गाण्याचे मडके आहे आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

कुंभाराने माझी माती फडक्यातून गाळली, अंग पातळ ठेवले आणि तोंड जाड. भट्टीतून काढल्यावर त्याने मला टिचकी मारली, कान लावून ऐकले आणि खुशीत लेकीच्या मांडीवर ठेवले. ती कातड्याच्या पंख्याने माझ्या तोंडावर थाप द्यायची आणि मी पोटातून घुमायचे. आमच्या डोंगरातले गाणे माझ्यावाचून सुरूच होत नसे. सूर जुळला की गाणारे म्हणत, "मडकं लागलं!" वाद्य हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हताच.

पुढे गाणारे पांगले. मी माळ्यावर धूळ खात पडले. कुंभाराची लेक आता साऱ्यांची मावशी झाली होती. शहरातल्या संग्रहालयात संगीताचे दालन होणार, हे कळताच तिने मला घासूनपुसून तिकडे नेले. तिथे आपले गाणे नसले, तर असे गाणे होते हे उद्या कुणाला पटणारही नाही, अशी तिला धास्ती होती.

दारातल्या माणसाला ती म्हणाली, "आमचं मडकं आणलंय."

झाले! माझी रवानगी थेट स्वयंपाकघराच्या दालनात, खलबत्त्याशेजारी. आठवड्याने मावशी बघायला आली आणि तिचा चेहराच पडला. तेवढ्यात पाट्या लिहिणाऱ्या ताई आल्या.

"मावशी, ह्यात काय शिजवायचात तुम्ही?"

"शिजवायचो? अहो ताई, तळ बघा की! चुलीवर चढलं असतं तर काळं नसतं का झालं?"

ताईंनी मला उलटे केले आणि जीभ चावली. "अगंबाई! मग ह्याचं करता काय?"

मावशीने तिथेच फतकल मारली, मला मांडीवर घेतले, पिशवीतून पंखा काढला. पहिली थाप पडली आणि मी अशी काही घुमले की शेजारची भांडी थरथरली. मावशी गायली. आवाज जरा चिरकला, पण ताल तसूभर हलला नाही. ताई खाली बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

त्याच दिवशी मी संगीताच्या दालनात आले. ताई म्हणाल्या, "पाटीवर छानसं नाव देऊ या. घटवाद्य लिहू?"

"मडकंच लिहा," मावशी म्हणाली. "आम्ही तेच म्हणतो."

पाटीवर तेच आहे. ती वाचणारा प्रत्येक जण माझ्याकडे वळून बघतो आणि माझी मान ताठ होते.

मित्रांनो, काच मला फुटू देणार नाही. पण गाणे काचेत ठेवता येत नाही, त्याला शिकणारे लागतात. मावशी दर रविवारी मला बाहेर काढते, सतरंजी घालते आणि दाराकडे बघत बसते. तिच्यात बळ आहे तोवर या आणि तिच्यासमोर बसा.