नवखंडात एक कमी

जोतिरामची काळजी ऐकून कोणीही शहाणा माणूस हसला असता. एकतीस वर्षांचा बाप्या, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटरवर कापडाचे कट आखणारा, घरी बायको आणि म्हातारा बाप. आणि याला घोर कसला, तर एका खेळातली जमीन कुठं संपते याचा!

तो खेळ अजून बाजारात यायचा होता. त्याचं खरं नाव परदेशी आणि जिभेला न पेलणारं, म्हणून जोतिराम आणि त्याचे मित्र त्याला आपलं ‘नवखंड’ म्हणत. जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी त्यात शिरणार, आपापलं सोंग घेणार आणि एकाच मुलखात हिंडणार. हा मुलूख चालून संपायचा नाही, असं कंपनी चार वर्षं सांगत होती. जोतिरामच्या मित्राचा, सोहेबचा, त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा," तो म्हणायचा. "चार डोंगर असतील बग, अन् त्येच्या मागं भिंत."

भिंतीचं नाव निघालं की जोतिरामला घोर लागायचा, आणि तो स्वतःसाठी नव्हे, बापासाठी.

त्याच्या बापानं, बिरप्पानं, चाळीस वर्षं मेंढरं वळली होती. सांगोल्याच्या माळावरून निघायचं आणि चारा नेईल तिकडं, पार विजापूरच्या पलीकडं जायचं. मग गुडघे गेले, कळप भावकीकडं गेला आणि म्हातारा सोलापुरात लेकाच्या दोन खोल्यांत येऊन बसला. बसला तो बसलाच. सून विजयमाला रोज रक्तदाबाची गोळी पुढं धरायची आणि तो तिचा हात बाजूला सारायचा. "कशाला? झालं आमचं चालून."

गेल्या वर्षी जोतिरामनं त्याला विरंगुळा म्हणून आपल्या जुन्या खेळासमोर बसवलं होतं. पुढं जायला एक बटण, वळायला माउस, एवढं शिकवलं. म्हातारा हरखला. राक्षसांकडं ढुंकूनही न बघता दोन दिवस नुसता चालला. तिसऱ्या दिवशी एका टेकडीपाशी त्याचा खेळातला गडी जागच्या जागी पाय हलवायला लागला. पुढं गवत दिसत होतं, पण जाता येत नव्हतं.

"एवडाच व्हय रं तुजा मुलूख?" बिरप्पा म्हणाला. त्यानं माउस सोडला, तो पुन्हा हातात धरला नाही. त्या वेळचं बापाचं तोंड जोतिरामला विसरता येत नव्हतं. नवखंडातही तसंच झालं, तर म्हाताऱ्याला पुन्हा कशानं उठवायचं?

मार्चमध्ये कंपनीनं निवडक लोकांसाठी चाचणी ठेवली. शनिवारी सकाळी खेळ उघडणार आणि रविवारी संध्याकाळी सहाला बंद होणार. जोतिरामचा नंबर लागला, सोहेबचा लागला नाही. म्हणून सोहेब बघायला घरीच येऊन बसला, नावं ठेवायला तरी.

"आबा, नुसतं बगा तरी," असं दहा वेळा म्हटल्यावर बिरप्पा खुर्चीत आला. त्यानं कनवटीची पुडी सोडली आणि चिमूटभर भंडारा मॉनिटरच्या कपाळाला लावला. "नव्या रानात शिरायच्या आदी लावावा लागतोय," तो म्हणाला, आणि सोहेबनं हसू गिळलं.

मग नवखंड उघडलं. कुठवर बघावं कळेना. डोंगरामागं डोंगर, त्यांच्या अंगावरून सरकत जाणारी ढगांची सावली. जोतिरामला क्षणभर आपली खोली लहान झाल्यासारखी वाटली.

"वारं हिकडनं हाय," बिरप्पा म्हणाला. "गवत बग कसं वाकतंय."

या खेळात तहान लागत होती. वेशीपाशी शेकडो लोक राक्षसांशी झुंजून तहानेनं पटापटा आडवे होत होते. बिरप्पानं झुंजीला पाठ दिली आणि एका कोरड्या ओढ्याला लागला. ओढा जिथं वळत होता तिथं एकच झाड जास्त हिरवं होतं. "हितं वल हाय," असं म्हणून तो झाडामागं गेला, आणि खरंच तिथं झरा होता. लोखंडी चिलखतं घातलेली दोनतीन अनोळखी माणसं मागोमाग आली, पाणी प्यायली, आणि तो निघाला तशी त्याच्या मागं चालायला लागली.

शनिवारी दिवेलागणीपर्यंत ती बारा झाली. खेळात अंधार पडला की बिरप्पा चालायचा थांबे, कारण अंधारात कळप हलवायचा नसतो. लोकही थांबत. कोण कुठल्या देशातलं, कुणाला ठाऊक! रविवारी सकाळी त्यानं काचेवर बोट ठेवून मोजली, तर तेवीस भरली.

रविवारी पावणेसहाला ते एका खिंडीखाली पोचले. खिंडीत धुकं होतं आणि पलीकडचं काही दिसत नव्हतं. भिंत असलीच तर ती इथंच असणार.

बिरप्पा थांबला. मागं वळला. काचेवर बोट फिरवून मोजायला लागला.

"बावीस," तो म्हणाला. "एक कमी हाय."

"आबा, ती मानसं हाईत, मेंढरं न्हवं! गेला असंल कुनी जेवायला," जोतिराम म्हणाला.

"डोक्यावरनं काळी खोळ घेतल्यालं हाय ते. मगाधरनं पाय वडत व्हतं." आणि बिरप्पा खिंडीकडं पाठ करून मागारी निघाला.

सोहेबनं कपाळावर हात मारला. जोतिरामचा हात माउसकडं गेला. पंधरा मिनिटं उरली होती, वीस पावलांवर उत्तर होतं. पण बापाचं तोंड बघून त्यानं हात मागं घेतला. असं तोंड त्यानं लहानपणी माळावर पाहिलं होतं, कोकरू चुकलं की व्हायचं तसं.

आणि मग पडद्यावर भलतंच झालं. ती बावीसच्या बावीस माणसं एकेक करून वळली आणि म्हाताऱ्यामागं मागारी चालायला लागली. कुणी काही बोललं नव्हतं. वाटेत ती पांगली आणि झुडपं धुंडाळू लागली.

सहाला तीन मिनिटं असताना ते काळ्या खोळवालं सापडलं. घळीत भरकटून तहानेनं आडवं झालं होतं. जोतिरामनं बटण दाखवलं, आणि बिरप्पाच्या गड्यानं शेजारी बसून त्याला जवळचं पाणी पाजलं. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत अक्षरं उमटली.

"काय म्हनतंय?" बिरप्पानं विचारलं.

"म्हनतंय, लई येळ हितंच फिरतोय. वाटलं व्हतं, कोन येनार न्हाई," जोतिरामनं वाचून सांगितलं.

तेवढ्यात सहा वाजले आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेवर भंडाऱ्याचा पिवळा ठिपका तेवढा राहिला.

"झालं!" सोहेब म्हणाला. "भिंत हाय का न्हाई, ते ऱ्हायलंच की."

"भिंत कशाला बगायची?" बिरप्पा म्हणाला. "त्या आदल्या खेळात कोन हरवत न्हवतं. हितं हरवतंय. मानूस हरवंल एवडा मुलूख हाय, जोत्या!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, आणि तो हसत होता.

वर्षभर ज्या उत्तरासाठी जोतिरामनं जीव टांगणीला लावला होता, ते बापानं पाठमोरं होऊन शोधलं होतं.

"परत कवा उगडनार?" बिरप्पानं विचारलं.

"दिवाळीला म्हनत्यात."

म्हाताऱ्यानं बोटांवर महिने मोजले. सात-आठ भरले. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारली.

"विजयमाला, ती गोळी कुटं ठिवलीयास? आन हिकडं. ते खोळवालं पायानं अदू हाय, वाट बगंल माजी."