काकांची खुर्ची, किंमत शून्य

माझ्या कुत्र्याला आम्ही मंत्री म्हणतो. दिसेल ते खातो आणि नंतर चेहरा असा करतो, की चौकशी समितीच नेमावी लागावी. दोन दिवस परगावी जायचं म्हणून त्याला मित्राकडे ठेवला. परत येऊन बघतो तर मंत्र्याने मित्राच्या वडिलांची आरामखुर्ची फाडून ठेवलेली. काथ्या दिवाणखानाभर, डाव्या हाताच्या लाकडावर दातांच्या खुणा.

हा मित्र विमा कंपन्यांसाठी नुकसान मोजतो. आग लागो नाहीतर पाणी भरो, टेप आणि फॉर्म घेऊन हजर होतो आणि प्रत्येक वस्तूच्या किमतीतून वापराच्या वर्षांचा घसारा कापतो. तीन वर्षांपूर्वी पाइप फुटून माझं सोफे-खुर्च्या शिवायचं दुकान पाण्यात गेलं, तेव्हा कंपनीने नेमकं यालाच धाडलं. पठ्ठ्याने आधी 'दुकानदार माझा मित्र आहे' असं लिहून दिलं. कंपनी म्हणाली, चालेल. मग त्याने माझ्या आईच्या शिलाई मशीनसमोर लिहिलं, शून्य. ज्या मशीनवर आईने आम्हा तिघा भावंडांना वाढवलं, ते शून्य! तेव्हापासून मी त्याच्याशी गोड बोलतो आणि गिऱ्हाइकांपाशी त्याच्या नावाने बोटं मोडतो.

"सांग, किती द्यायचे?" मी पाकीट काढलं. लाज वाटत होती, पण आतून गुदगुल्याही होत होत्या. आता स्वतःच्या बापाच्या खुर्चीचा आकडा सांग म्हणावं, मग बघतो तुझा घसारा.

त्याने टेप काढली. खरंच काढली! स्वतःच्या घरात गुडघे टेकून खुर्ची मोजली, चारी बाजूंनी फोटो घेतले.

"कुत्र्याचं वय?"

"त्याचा काय संबंध?"

"रकाना आहे."

दारात उभ्या असलेल्या वहिनींनी कपाळाला हात लावला.

"खुर्ची बेचाळीस वर्षं जुनी. आयुष्य धरायचं पंधरा," असं पुटपुटत त्याने लिहिलं, शून्य.

"अरे, काकांची खुर्ची आहे ही! शेवटचं वर्षभर हिच्यातच बसून होते ते."

"हिच्यातच गेले," तो मान वर न करता म्हणाला. "त्याला रकाना नाही."

पेन मात्र त्याने उचललं नाही. शून्याच्या पोटात शाईचा ठिपका वाढत गेला. मला त्याची दया आली आणि त्याहून जास्त स्वतःची चीड आली.

खुर्ची मी दुकानात नेली. आठ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. नवे पट्टे, नवा काथ्या, जाड कापड. दातांच्या खुणा घासून काढल्या, पण उजव्या हातावर काकांच्या तळव्याने गुळगुळीत झालेलं लाकूड तसंच ठेवलं.

नवव्या दिवशी मंत्र्याला सोबत घेऊनच खुर्ची मित्राच्या घरी पोचवली. मित्र खुर्चीत बसला. उजवा हात बरोबर त्या जागी गेला. मग उठला आणि टेप घेऊन आला.

"आता काय?"

"नुकसानीच्या आधी होती त्यापेक्षा खुर्ची चांगली झालीय. ही सुधारणा. तो फरक मालकाने सोसायचा असतो." आणि त्याने माझ्या हातात पैसे ठेवले.

"माझ्या कुत्र्याने तुझी खुर्ची खाल्ली, आणि पैसे तू मला देतोस?"

"नियम आहे."

मग मात्र माझ्याने राहवेना. तीन वर्षं घशात अडकलेलं विचारून टाकलं, "आणि आईचं मशीन?"

"शून्यच," तो म्हणाला. "आजही शून्यच लिहीन." टेप गुंडाळता गुंडाळता तो थांबला. "त्या दिवशी तुझ्या दुकानातून निघालो, पण गाडी सुरू करायला अर्धा तास लागला. तुझ्या आईने माझाही शाळेचा सदरा त्याच मशीनवर शिवला होता."

वहिनींनी मंत्र्याला मुकाट्याने गॅलरीत कोंडलं. मी पैसे खिशात घातले आणि तो दाखवेल तिथे सही केली.