गोरी झालेली पोवळी

वसमतच्या देविदासचा धंदा मंडप आणि लायटिंगचा. उजेडानं आजवर कुणाचं वाकडं झालेलं नाही, यावर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा. मंडप फाटका असो की स्वयंपाक बिघडलेला असो, वरून चार फोकस मारले की लग्न झोकात होतंय, असं तो म्हणायचा.

त्याचा जावई रतनसिंग पुण्याला कंपनीत होता. कंपनीनं त्याला काही महिन्यांसाठी जर्मनीला धाडलं, देविदासची लेक पुजाही बरोबर निघाली. घरातली पोवळ्यांची टाकी कुणाच्या हवाली करायची? रतनसिंगनं ती गाडीत घालून आणली आणि सासऱ्याच्या बैठकीत मांडली. खारं पाणी कसं करायचं, कधी बदलायचं, सगळं समजावून सांगितलं.

"पोवळं जित्तं असतंय?" देविदासच्या बायकोनं, मिराबाईनं विचारलं. तिला पोवळं म्हणजे आईच्या गळ्यातल्या माळेतले लाल मणी तेवढे ठाऊक.

"व्हय मामी. दगडावानी दिसतंय, पण जीव हाय त्याला."

टाकीवरचा निळा दिवा बघून मात्र देविदास खट्टू झाला. लायटिंगवाल्याच्या घरात, जावयाच्या वस्तूवर, दवाखान्यातल्या रातच्या बल्बासारखा उजेड? लोक तोंडात शेण घालतील! जावयाचं विमान उडालं आणि त्यानं गोदामातला स्टेजवरचा मोठा एलईडी फोकस आणून टाकीच्या डोक्यावर बांधला.

बटण दाबताच मिराबाईनं डोळ्यांवर पदर घेतला. "अवो, काहून एवढा लाईट? माणसं आंधळी व्हतील."

"जावयाची अमानत हाय. तिच्यात कंजूषी न्हाई करायची."

गल्ली लोटली बघायला. शेजारची सोजराबाई तर रोज दुपारी येऊन बसायची. पोवळी आली तेव्हा कुणी तपकिरी होतं, कुणी हिरवं. हळूहळू ती फिकी पडली, मग पिवळट झाली, आणि एके दिवशी बगळ्यासारखी पांढरीफेक!

"अगं बाई, गोरी झाली की गं!" सोजराबाईनं गालावर हात ठेवला. "काय लावून राहिली यांना?"

"काय न्हाई. मालकाचा लाईट."

सोजराबाईची निलम लग्नाची होती. "आमच्या पोरीला रोज घटकाभर याच्याखाली बसवू का?" तिनं देविदासला विचारलं. देविदासनं खुर्ची कुठं ठेवायची याचा अंदाजसुद्धा घेतला. निलमनं मात्र आईला हात जोडले आणि पुढं महिनाभर त्या घराची पायरी चढली नाही.

एका रविवारी रतनसिंगचा व्हिडिओ कॉल आला. देविदासनं मोठ्या ऐटीत फोन टाकीसमोर धरला. "बघा जावईबापू, कशी उजळली!"

पडद्यावर रतनसिंगचं तोंडही तसंच पांढरं पडलं.

"मामा, तो लाईट आधी बंद करा."

"अवो, पण बघा तरी..."

"मामा!"

जावई आजवर सासऱ्यावर ओरडला नव्हता. देविदासनं मुकाट्यानं बटण बंद केलं.

मग रतनसिंगनं नीट सांगितलं. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि पोवळ्याला पोसतं, रंगही बहुतेक त्याचाच. उजेड सोसवेनासा झाला की शेवाळ बिघडतं आणि पोवळं त्याला अंगातून बाहेर काढतं.

"म्हंजे पोटाला देणाऱ्यालाच घराबाहेर काढलं?" देविदास हबकला.

"तुमी काढायला लावलं, मामा. पण मेली न्हाईत अजून. निळा दिवा लावा, तोबी थोडाच वेळ. आन् बारीक खाणं टाका."

फोकस गोदामात गेला. निळ्या दिव्याखाली देविदासनं मंडपाचं पांढरं कापड दुहेरी करून ताणलं. बैठकीत कुणी ट्यूब लावली की तो खेकसायचा. अंधार बघून सोजराबाई दबक्या पावलांनी आत आली.

"कोण आजारी हाय, भाऊ?"

"पोवळं."

रोज संध्याकाळी तो ड्रॉपरनं एकेकाच्या तोंडाशी खाणं सोडायचा आणि त्यांनी ते धरेपर्यंत श्वास रोखून बसायचा. मिराबाई दारातून बघत राहायची. "पुजा ल्हान होती तवा येक घास भरवला न्हाई तुमी," ती म्हणाली. देविदास ड्रॉपर धुवत बसला.

कोपऱ्यातलं एक पोवळं गेलंच. बाकीच्यांवर मात्र थंडी सरता सरता तपकिरी झाक दिसू लागली.

"अगं बाई, काळी पडली की परत!" सोजराबाई हळहळली. देविदासनं तिला पावशेर जिलबी खाऊ घातली.

रतनसिंग जर्मनीहून आला तो पाणी न पिताच टाकीपुढं उकिडवा बसला. देविदास मागं उभा.

"त्ये कोपऱ्यातलं गेलं," तो म्हणाला. "माझ्या हातनं गेलं."

रतनसिंगनं काचेला नाक लावून एकेक पोवळं तपासलं. "बाकीची चांगली जगवली, मामा. मला आशा नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी गाडीच्या मागच्या सीटवर चढली. पुजा पुढं बसली. रतनसिंगनं गाडी चालू करून आरशात बघितलं, तर टाकीला दोन्ही हातांची मिठी घालून देविदास मागं बसलेला.

"मामा, तुमी कुठं?"

"रस्ता खराब हाय. पुण्यापोतर धरून बसतो. तुमी हळू चालवा."

मिराबाईनं काचेतून डबा आत दिला आणि म्हणाली, "परतीला एसटीनं या. आन् तिथं गेल्यावर कुणाच्या दिव्याला हात लावू नका."