विमलाच्या हातातलं दिवज

चंद्रावतीचं तोंड आणि तिचा सोपो, गावच्या त्या वाड्यावर सगळे दोन्ही ओळखून होते. सोपो म्हणजे घरापुढचं सिमेंटचं बाकडं. सुना घरात आल्या त्या दिवसापासून तिने विहिरीच्या दोरीला हात लावला नव्हता. घरातल्या मोठ्या बाईने बसून सांगायचं, असा तिचा कायदा.

एका पावसाळ्यानंतर जानकी नर्सने शाळेच्या व्हरांड्यात बायकांचा व्यायाम सुरू केला. पाळी थांबली की हाडं आतून विरत जातात, म्हणून टाचा उचलायच्या, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, रेतीने भरलेल्या बाटल्या उचलायच्या. चंद्रावतीची धाकटी जाऊ विमला आठवड्यातून तीनदा जायची. जाण्याची वाट नेमकी सोप्यासमोरून. एके सकाळी दारात मासेवाली बसली होती, शेजारच्या दोघी होत्या, आणि चंद्रावतीला राहवलं नाही.

"पाळी गेली तशी लाजही गेली काय गो, विमले?"

मासेवाली पदर तोंडाला लावून हसली. विमलाने मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून ती काही त्या वाटेने गेली नाही. घराची अब्रू राखली म्हणून चंद्रावतीने त्या दिवशी दोन घास जास्तच खाल्ले.

वर्ष सरलं. देवळात दिवजांचा दिवस आला. पाच वातींचं मातीचं दिवज हातावर घेऊन सवाष्णींची रांग देवळाभोवती निघाली. पुढे चंद्रावती, मागे विमला. अंगण सपाट, कोरडं. विमलाचा पाय नेसूच्या निऱ्यांत अडकला, ती हात टेकून पडली, एवढंच. पण मनगट वाळक्या काटकीसारखं मोडलं आणि दिवजाचे तुकडे झाले. रांगेत कोणीतरी अपशकुन म्हणालं. एरवी हे चंद्रावतीनेच सगळ्यांच्या आधी म्हटलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरणीने फोटो उजेडाला धरून पाहिला. हाडं पोकळ झालीत, नाहीतर एवढ्याशा पडण्याने मोडली नसती, म्हणाली. मग व्यायाम मध्येच का सोडलात, असं तिने विचारलं. व्यायाम सुटल्याचं जानकीने तिला सांगून ठेवलं होतं.

"कंटाळा आला," विमला म्हणाली.

डॉक्टरीण मग बरंच बोलली. आळशी म्हणाली, तुम्हा बायकांना सांगून उपयोग नाही म्हणाली. पेजेचं भांडं घेऊन चंद्रावती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. आयुष्यात कोणाचं ऐकून न घेणारं तिचं तोंड उघडेचना. घरी येताना बसमध्ये तिला सारखी पदराआड हसणारी ती मासेवालीच दिसत होती.

चौथ्या दिवशी चंद्रावती शाळेच्या व्हरांड्यात गेली. सगळ्या बायका थांबल्या. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून विमलाही कडेला बसली होती, नुसत्या टाचा उचलायला.

"कंटाळा नव्हता तिला," चंद्रावती जानकीला म्हणाली. "मी चारचौघींत बोलले, म्हणून तिने सोडलं. त्या डॉक्टरणीला जाऊन सांग."

सांगते म्हणून जानकीने खुर्ची पुढे ओढली. बसा, आणि हात न लावता उठून दाखवा, म्हणाली. चंद्रावती बसली. उठायला गेली ती अर्ध्यावरूनच मागे आपटली. पुन्हा गेली, पुन्हा तेच.

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. विमला उठली, चांगला हात तिच्यापुढे धरून म्हणाली, "वयनी, आधी पाय मागे घे. मग उठ."

चंद्रावतीने पाय मागे घेतले.