कचेरी खरं बोलली

युनझूने तांदळाच्या तिखट शेवयांचा घास तोंडात कोंबला, अंगठ्याने फोनवरचं बटण दाबलं आणि ती ताडकन उभी राहिली. खातं बदलायचं राहिलं होतं!

वेइबो या समाजमाध्यमावरचं तालुका कचेरीचं खातं ती चालवायची. ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ असं दिवसातून चाळीसदा लिहायचं, एवढंच काम. मनातलं बोलायला तिचं चोरटं खातं होतं, ‘आंबट मुळा’ नावाचं. जुनी भाजीमंडई पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायची, यावरून आठवडाभर नेटवर रणकंदन माजलं होतं. आंबट मुळ्याने सुनावायचं ते आज चक्क कचेरीच्या तोंडून निघालं होतं: ‘भाजीवाल्यांना एका शब्दाने तरी विचारलं का? सभेची पत्रं सभा झाल्यावर वाटली!’

तिने ते लगेच पुसलं. पण बूंद से गयी वो हौद से आती है थोडीच! चार मिनिटांत लोकांनी त्याचे फोटो काढून सगळीकडे पसरवले होते. कलिंगड खात मजा बघणारे हजारोंनी जमले. ‘सूर्य पश्चिमेला उगवला हो! कचेरी खरं बोलली!’

दुआनसाहेबांनी आत बोलावलं. साहेब वाईट नव्हते, भित्रे होते. आणि भित्रा साहेब जास्त महागात पडतो.

“खुलासा लिही,” ते म्हणाले. “टेंपरवारी माणसाच्या हातून चूक झाली. त्याला कामावरून काढलंय.”

“पण साहेब, मी तर कायम आहे.”

“म्हणूनच सांगतोय! तीन परीक्षा देऊन चिकटलीस, आता स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार?”

कचेरीत टेंपरवारी एकच होती, शेजारच्या टेबलावरची मिंगयान. चार वर्षं राबत होती. कायम होण्यासाठी पुढच्या महिन्यात तिची मुलाखत होती.

असल्या खुलाशांची आंबट मुळ्यानेच आजवर किती टर उडवली होती! पूल खचला, टेंपरवारी. शिक्का चुकला, टेंपरवारी. ‘एवढे पराक्रमी टेंपरवारी आणता कुठून हो?’ हे तिचंच वाक्य, नऊ हजार लोकांना आवडलेलं.

“ताई, लिहून टाक,” मिंगयान हळूच म्हणाली. भिंतीपलीकडून तिला सगळं ऐकू गेलं होतं. “तू नोकरीला लागलीस तेव्हा तुझ्या बाबांनी फटाके लावले होते. माझं काय, मी आज ना उद्या जाणारच.”

“गप गं! मोठी आलीय त्यागमूर्ती!” युनझू खेकसली. तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण साहेबांच्या खुलाशाची पहिली ओळ तिने खरंच लिहून ठेवली होती.

तिने ती खोडली. खातं दोनदा तपासलं. कचेरीचंच होतं. मग लिहिलं: ‘मंडईबद्दलचं वाक्य माझं. चूक खातं निवडण्यात झाली, म्हणण्यात नाही. पेई युनझू, कायम कर्मचारी.’ आणि बटण दाबलं.

पहिली प्रतिक्रिया आली, ती मिंगयानने वाचली. “‘बिचारी! टेंपरवारीच असणार. हल्ली यांना कायम म्हणवून घ्यायला लावतात वाटतं.’ ”

‘नाही हो, मीच लिहिलंय,’ युनझूने घाईघाईने उत्तर दिलं.

‘साहेब शेजारी उभे आहेत का, पोरी?’ कुणीतरी विचारलं, आणि हजारभर लोक हसले. कचेरीचं काही खरं मानायचं नाही, हे तिनेच तर त्यांना शिकवलं होतं. युनझूला रडू फुटलं.

एवढ्या लोकांत तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला, आणि तो दारात उभा होता.

“युनझू,” दुआनसाहेब म्हणाले, “टेबल मोकळं कर.”