पितळी तोटी

लालसिंगनं पान्याला एक हिसका दिला आणि अंगणातल्या नळाची निळी प्लास्टिकची तोटी फिरवून काढली. ती त्यानं मागं न पाहता भिरकावली. तिथंच शीला शेणाची पाटी घेऊन उभी होती.

"काहून काढली?"

"पाह्य तं." त्यानं धोतराच्या फडक्यातून नवी तोटी सोडली. पितळेची, वरून चकचकीत मुलामा दिलेली. "माह्या हातानं घासली हाय."

"मले इचारलं?"

"घरच्या नळाले काय इचारायचं?"

शीलानं पाटी खाली ठेवली. लेक रांगत होती तेव्हा लालसिंग गुजरातेत नळाच्या कारखान्यात गेला. होळीला यायचा, रंग वाळायच्या आत परतायचा. लेक सासरी गेली. आता भट्टीच्या धुरानं छाती धरली तेव्हा तो कायमचा तांड्यावर आला होता. तो तिकडं असतानाच उमरखेडच्या बाजूनं पाण्याची लाइन आली, तेव्हा त्यांचं घर चढावर म्हणून गावानं वगळलं होतं. शीला पंचायतीच्या दारात बसून राहिली. शेवटी पाइप मिळाला, पण चर खणायला कुणी आलं नाही. कडक मुरूम तिनं एकटीनं फोडला.

लालसिंग नवी तोटी बसवता बसवता सांगत होता, "आत वाळूचा गाभा ठेवतेत, भवताल पितळ ओततेत. निवलं का वाळू झाडून टाकायची. मंग पोकळी राह्यते."

"पोकळी कशी राह्यते, थे मले नका सांगू."

बाजेवरून सासू हंसाबाई खेकसली, "नवऱ्यानं आणली तं राहू दे नं! चांदीवानी दिसून राह्यली."

"तुमी चुप बसा, याडी," शीला म्हणाली. तांड्यात आईला याडीच म्हणतात.

हंसाबाईनं तोंड फिरवलं.

सकाळी पाणी आलं. नवी तोटी एका बोटानं फिरत होती आणि बंद केली की थेंब गळत नव्हता. शीला तिच्या शेजारून गेली, डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन तांड्याच्या टोकाच्या हापशीवर. बाया हात थांबवून बघत राहिल्या. ती परतली तेव्हा लालसिंग दारात वाट अडवून उभा होता.

"तांड्यात माही इज्जत काढतं का?"

"हटा. वझं हाय डोक्यावर."

तो हटला नाही. शीला गुंडासकट त्याच्या अंगावरच गेली. पाणी हिंदकळून त्याचा सदरा भिजला. मग तो बाजूला झाला.

दुपारी नळ कोरडा होता. लालसिंग चौकातून आला तर शीला पाना लावून नळाशी बसलेली. पितळी तोटी पायाशी पडली होती.

"ठेव थो पाना."

तिनं ऐकलंच नाही. तो दोन ढांगांत जवळ आला, पाना हिसकायला हात पुढं केला आणि तिथंच थबकला. शीला निळ्या तोटीच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळत होती, आटे जसे वळतात तशीच, ताणून, एकही सुरकुती न पडू देता. तोटी आधी हातानं बसवली, मग पान्यानं एवढीच आवळली की आटे चिरडू नयेत. पान्याच्या दांड्याजवळ तिच्या तळव्यावर जुना घट्टा होता. लालसिंगनं तो आजवर पाहिला नव्हता.

"कोणं शिकवलं?" त्यानं विचारलं.

"शिकवायले कोण होतं?"

तिनं पाना पुसून वळचणीला खोचला. पितळी तोटी उचलून त्याच्या हातात दिली आणि शेणाकडं वळली.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा नळापाशी गुंड, घागर, बादली अशी भांडी लागली होती. लालसिंग लोटा घेऊन बाहेर आला. नळाकडं हात जाता जाता त्यानं आवरला.

"भरू का?"

शीलानं मान वर केली नाही. निळी तोटी मुठीपाशी पहिल्यासारखीच गळत होती आणि ती घागरीचं तोंड नीट धारेखाली सरकवत होती.

"बादलीच्या मागं लावा," ती म्हणाली.

लालसिंगनं लोटा बादलीमागं ठेवला आणि उकिडवा बसून राहिला.