अरुंद दारावरच्या तारखा

पिवळा खडू सगळ्यांत आधी संपतो.

चाळीसगावच्या दवाखान्यात एका मुलीचा जन्म झाला. वजन तीन किलो शंभर ग्रॅम.

घडांना घातलेले निळे फ्रॉक.

चार बोटं कमी.

सिमेंटला वाचता येत नाही.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. वर लिहिलंय ते माझंच आयुष्य आहे, पण ते एका ओळीत बसत नाही. मी स्वतःही कुठे बसलो नाही. मी कधी उघडलो नाही, की कधी लागलो नाही.

धुळ्याला नवल मिस्त्रींनी मला घडवलं. घासून गुळगुळीत केलं, बिजागऱ्यांच्या खाचा पाडल्या आणि पाठीवर थाप मारली. टेम्पोतून मी असोद्याला आलो. तिथे शेतकऱ्यांनी मिळून पॅकहाऊस बांधायला घेतलं होतं. केळी धुऊन, खोक्यांत भरून परदेशी पाठवायची होती. मी तिथल्या कार्यालयाचा दरवाजा होणार होतो. पण चौकटीपाशी उभं केल्यावर मी चार बोटं अरुंद निघालो.

सगळं काम फैजपूरच्या मयुरीताईंकडे होतं. त्यांनी विचारलं, "माप कुणी कळवलं?"

"मी. फोनवर," ऑफिसातला भूषण म्हणाला.

"चौकट पाहिली होतीस?"

"दरवाजे साधारण तेवढेच असतात ना, ताई."

"चौकट बसवणारे तोतारामनाना इथेच होते. त्यांना विचारलंस?"

भूषण मोजायचा टेप आणायला गेला.

मला परत पाठवतील असं वाटलं होतं. पण ताईंनी मला काळा रंग दिला आणि भिंतीला टेकवलं. त्यांच्याकडे एक डायरी होती. वसतिगृहात असल्यापासूनची सवय: सकाळी पानाच्या तळाशी आधी लिहायचं, आज रात्री झोपताना काय झालेलं असायला हवं. मग तिथून मागे मागे येत दिवस भरायचा. सगळ्यांत अवघड काम चहाच्या आधी. कुणी बोलत असेल तर पेन खाली ठेवायचं.

"मी माझा दिवस असा लिहिते," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "आता आपण इमारत अशी लिहू."

त्यांनी माझ्या माथ्यावर लिहिलं: *पहिला ट्रक, १९ जानेवारी.* खाली कामांची नावं लिहिली आणि तारखांच्या जागा मोकळ्या सोडल्या. नियम एकच. जो काम करणार, तोच आपल्या हाताने पिवळ्या खडूने तारीख लिहिणार. दुसऱ्याची तारीख कुणी लिहायची नाही. त्यांनीसुद्धा.

मित्रांनो, त्या हातांची आठवण अजून अंगावर आहे. वायरमनचा हात घाईचा. बेबाबाई खोकी लावणार होत्या, त्या आकडे लिहिताना जीभ बाहेर काढत. तोतारामनाना केळी धुण्याची टाकी बांधणार होते. ते खडू हातात घेऊन आधी बराच वेळ गप्प उभे राहत, आणि ताईही गप्प राहत. शनिवारी दुपारी काम बंद असे. थाप्या धुवायच्या, कोयते परजायचे, तारखा सांभाळून माझ्या कडा ओल्या फडक्याने पुसायच्या. मला शनिवार आवडायचा.

आणि उखर्डूआबा. त्यांचं बांधकामात काहीच काम नव्हतं, पण ते रोज यायचे. सत्तरीचे. आपल्या बागेतली केळी एकदा समुद्रापार जावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यासाठी त्यांनी प्रत्येक घडाला निळी पिशवी घातली होती.

बेबाबाई म्हणत, "आबा, घडायले फराक शिवले, आता पावडर-टिकली बी लावा."

"लावतो. तुह्याकडली दे."

ते माझ्यापुढे उभे राहून वरची ओळ वाचायचे. त्यांचे घड एकोणीस-वीस तारखेलाच कापायला येणार होते. त्यापुढे घड भरला की त्याला लांबचा प्रवास झेपत नाही.

डिसेंबर संपत आला. तोतारामनाना लेकीच्या बाळंतपणाला चाळीसगावला गेले. टाकीच्या तारखेची जागा मोकळीच होती. त्यातच एके दिवशी केळी घेणाऱ्या कंपनीची माणसं अकरा वाजता पाहणीला येणार होती. ताईंनी फोन उचलला आणि खाली ठेवला. दवाखान्यात कुठे त्रास द्यायचा, असं त्यांना वाटलं असावं. मग वरच्या तारखेपासून मागे मोजत त्यांनी पिवळ्या खडूने लिहिलं: *६ जानेवारी.*

नियम मोडला तेव्हा मला काहीच दुखलं नाही. ते मला आजही खटकतं.

नाना जिलेबी घेऊन परतले. नात झाली होती. सगळ्यांना वाटून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हाई मन्हं अक्षर नई शे."

"पाहुणे येणार होते, नाना. जागा मोकळी दिसत होती."

नानांनी थापी उचलली. स्वतः लिहिलेल्या तारखेसाठी माणूस भांडतो. वरिष्ठाने लिहिलेल्या तारखेपुढे मान खाली घालतो. त्यांनी सहा तारखेला टाकी पुरी केली. सातला पाणी भरलं. दुपारी टाकीच्या अजून कच्च्या भिंतीला तडा गेला आणि पाणी बेबाबाईंच्या खोक्यांपर्यंत वाहत आलं.

"सिमेंटले तारीख वाचता येस नई, ताई," नाना म्हणाले. त्यात राग नव्हता.

ताईंनी पिवळी तारीख पुसली आणि खडू त्यांच्या हातात दिला. नाना नेहमीसारखे गप्प उभे राहिले. मग त्यांनी लिहिलं: *२३.* मी सोडून तिथे सगळ्यांनी उखर्डूआबांकडे पाहिलं. मला मान वळवता येत नाही.

ताई म्हणाल्या, "आबा, चूक माझी आहे."

आबा वरची ओळ बघत होते. "केयी काही आपल्यासाठी थांबत नही, बाई. मी माझी गावातल्या व्यापाऱ्याले देतो. तू टाकी पक्की होऊ दे."

ताईंनी स्टुलावर चढून माथ्यावरची ओळ पुसली. नवी लिहिली: *२६ जानेवारी.* त्याच तारखेला ट्रक निघाला. त्यात मागून लावलेल्या बागांची केळी होती.

दोन वर्षांनी ताई धुळ्याला दुसऱ्या कामावर गेल्या. आता भिंतीवर संगणकाचा पडदा आहे. तारखा जळगावहून येतात, सगळ्या एकाच अक्षरात, एकसारख्या. मी क्रेटांच्या मागे आहे. माझ्या अंगभर धूळ आहे आणि धुळीखाली कुठेतरी बेबाबाईंचा वाकडा सात आहे. कुणी पावलं वाजवत आलं की वाटतं, आता खडू लागेल. क्रेट उचलून ते निघून जातात.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीला उभं करा असं मी म्हणत नाही. तुम्ही मोठे व्हाल, चार माणसांचं काम तुमच्या हाती येईल. तेव्हा एखादी जागा मोकळी दिसली तर ती मोकळी राहू द्या. ज्याचं काम आहे तो येईपर्यंत थांबा. तो खडू घेऊन गप्प उभा राहिला, तर तुम्हीही गप्प उभे राहा.

पहिल्या ट्रकपुढे नारळ उखर्डूआबांनी फोडला.